घोडी घ्यावी की गेल्डिंग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडा घ्यायचं ठरलं की उंची, वय, रंग, जात या सगळ्याच्या आधी हा प्रश्न हटकून येतो. उत्तर देणाऱ्यांचे दोन तट असतात आणि दोन्ही तितकेच हट्टी. मीही पहिली काही वर्षं 'गेल्डिंगच घ्या' असं छातीठोकपणे सांगायचो. मग एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी तबेल्यात आली आणि छाती ठोकणं बंद झालं. तिची हकिगत पुढे येईलच. नवे मालक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते आणि त्यावर मी आज जे सांगतो, ते इथे एकत्र केलं आहे.

गेल्डिंग म्हणजे नेमका कोणता घोडा?

खच्ची केलेला नर. दोन्ही वृषण काढले की टेस्टोस्टेरॉनचा मुख्य झरा आटतो. मग घोडीच्या वासाने बेभान होणारा, दुसऱ्या नराच्या अंगावर धावून जाणारा प्राणी बहुतेक वेळा माणसाच्या हाताखाली नांदण्याइतका शांत होतो. न कापलेला नर म्हणजे अंडील घोडा. तो या पानाचा विषय नाही, कारण ज्याला हा प्रश्न पडतो त्याने अंडील घोडा घेऊच नये.

खच्ची करण्याचं काम साधारण सहा महिने ते दोन वर्षं या वयात उरकतात. 'लवकर कापला तर खुरटतो' अशी समजूत आहे, पण घडतं उलटंच. लहानपणी खच्ची केलेल्याची लांब हाडं वाढायची जरा उशिरा थांबतात, त्यामुळे तो किंचित उंचच निघू शकतो. प्रथा फार जुनी आहे. सिथियन आणि सार्मेशियन लोक घोडे आवरायला सोपे जावेत म्हणून ते खच्ची करतात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलं आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. शस्त्रक्रिया झाली म्हणून लगेच त्याला माद्यांमध्ये सोडू नका. नळ्यांत उरलेल्या शुक्राणूंमुळे त्यानंतरही काही काळ गर्भ राहू शकतो. निदान महिनाभर, आणि डॉक्टर जास्त सांगत असतील तर तितके दिवस, तो वेगळाच बरा.

बहुतेक लोक गेल्डिंगलाच पसंती का देतात?

कारण तो सोमवारी जसा असतो तसाच गुरुवारी असतो, निदान लोकांची अपेक्षा तरी तशी असते. त्याच्या अंगात माजाचं, म्हणजे नराची ओढ लागण्याचं, चक्र नाही, शिंगरांची भानगड नाही, आणि तबेल्यात कुणाच्याही शेजारी तो बांधता येतो. ज्याला आठवड्यातून तीन दिवस तासभर स्वारी करायची आहे, त्याला यात बरंच काही मिळून जातं.

पण पसंतीत अनुभव किती आणि ऐकीव किती, हे बघण्यासारखं आहे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये घोडेवाल्यांची एक पाहणी प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या कामांसाठी घोडी, गेल्डिंग आणि अंडील यांतून कोण निवडाल, असा प्रश्न होता. कल गेल्डिंगकडे निघाला, आणि घोडीबद्दल 'हिचा भरवसा नाही' या चालीची मतं लोकांच्या मनात आधीच घर करून बसलेली दिसली. समोर घोडी नव्हती, फक्त 'घोडी' हा शब्द होता.

माझं स्वतःचं निरीक्षण असं की आवड बहुधा मागच्या जनावरावर बेतलेली असते. पहिली घोडी चावरी निघाली की माणूस जन्मभर गेल्डिंगवाला होतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, तसं.

पण घोड्या लहरी असतात हे खरं ना?

याच संशोधकांच्या गटाने २०२० मध्ये दुसरी बाजू तपासली. या वेळी मतं विचारली नाहीत, तर मालकांनी आपापल्या जनावराचं रोजचं वागणं कसं आहे ते एका लांबलचक प्रश्नावलीत भरून दिलं. पाठीवर स्वार असतानाच्या वागण्यात घोडी आणि गेल्डिंग यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. फरक सापडले ते जमिनीवरचे. पकडायला गेलं की घोड्या जास्त वेळा बाजूला सरकतात, आणि गेल्डिंग दावं नि अंगावरची झूल चघळण्यात पुढे असतात.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण माझ्या गेल्डिंगने आजवर किती दावी चावून चिंध्या केली याचा हिशेब मी सोडून दिला आहे. ते कुणी 'नराचा लहरीपणा' म्हणत नाही. 'चावरं आहे हो पोरगं' म्हणून सगळे हसतात आणि नवं दावं आणतात. घोडीने तेच केलं असतं तर?

म्हणून माझं उत्तर असं: लहरी घोड्या असतात, लहरी गेल्डिंगही असतात, पण 'लहरी' हा शब्द आपण घोडीसाठी राखून ठेवला आहे.

घोडी माजावर किती दिवस असते? त्या काळात काय दिसतं?

एक चक्र सरासरी २१ दिवसांचं. त्यातले साधारण पाच ते सात दिवस माजाचे, आणि स्त्रीबीज बाहेर पडतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. पण हे बारा महिने चालत नाही. घोडी दिवसाच्या लांबीवर चालते. उजेड वाढू लागला की तिची बीजकोशं (अंडाशयं) जागी होतात, आणि जिथे हिवाळ्यात दिवस फार लहान होतात तिथे बहुतेक घोड्या त्या काळात माजावर येतच नाहीत. विषुववृत्ताच्या जवळ दिवस-रात्रीत फारसा फरक पडत नाही, म्हणून तिथे हे ऋतुमान पुसट होतं.

जास्तीत जास्त तक्रारी येतात त्या मधल्या काळातल्या. हिवाळी विश्रांतीतून बाहेर पडताना शरीराची घडी पुरती बसलेली नसते. माज येतो, लांबतो, अर्धवट सुटतो, पुन्हा येतो. याच दिवसांत नवी घोडी घेतलेला मालक घाबरून फोन करतो की 'ही तर कायमच माजावर आहे'. चक्र एकदा सुरळीत सुरू झालं की हे बहुतेक आपोआप निवळतं.

दिसायला माज असा: शेपटी एका बाजूला उचललेली, मागचे पाय फाकवून थोडं खाली बसल्यासारखं उभं राहणं, थोडी थोडी लघवी, आणि योनीचे ओठ उघडझाप करणं. शेजारच्या कुंपणाशी जाऊन ती जीव जाईल अशी किंचाळते, आणि पलीकडचा गेल्डिंग बापडा गवत खात असतो. कुणी चिकटू बनते, कुणाला हात लावलेला खपत नाही. पुष्कळ घोड्यांच्या बाबतीत मात्र यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. मालकाला विचारलं तर 'आमची येते की नाही कोण जाणे' असं उत्तर मिळतं. त्या घोड्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

घोडी चिडते ती माजामुळे की दुखतंय म्हणून, हे कसं ओळखायचं?

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

मघाशी म्हटली ती कुमैत घोडी. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान मागे चिकटायचे, मान वळायची आणि दात हवेत खटकन वाजायचे. पहिल्याच आठवड्यात मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याने, निदान करून टाकलं, 'घोडीच ती, नखरे करणारच.' मीही मान डोलावली. पुढचे दोन महिने ती रोज दात दाखवत राहिली आणि आम्ही रोज हसत राहिलो.

मग एका जाणत्या बाईंनी सांगितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. ज्या दिवशी शेपटी उचलून किंचाळेल त्या दिवसावर गोल, आणि तंगाला दात वाजवेल त्या दिवसावर फुली. तीन महिने लिहिलं. गोल नेमाने तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने पडत गेले. फुल्या मात्र रोजच. गोलांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तिला विश्रांती दिली त्या पंधरा दिवसांत खरारा करतानाही ती निवांत होती, आणि खोगीर पुन्हा चढलं त्याच दिवशी फुली परत आली.

डॉक्टरांनी खांद्याच्या उंचवट्यामागे दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं. कातडी थरथरली आणि पाठ अशी खाली गेली की मोतद्दारही गप्प झाला. तिथे केसांत रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. तो आम्ही रोज बघत होतो आणि जन्मखूण समजत होतो. खोगिराचा सांगाडा तिच्या पाठीला अरुंद पडत होता. दाब सतत एकाच जागी पडला की तिथले केस पांढरे उगवतात. विश्रांती आणि दुसरं खोगीर, एवढाच इलाज होता. ती घोडी आजही माजावर आली की कुंपणाशी जाऊन आरडाओरडा करते, पण तंगाला दात वाजवत नाही.

तेव्हा कॅलेंडर ठेवा. वागण्यातला बिघाड २१ दिवसांच्या तालावर येत-जात असेल तर माजाचा संशय घ्या. रोज असेल, किंवा खोगीर, लगाम, टाच, ठरावीक वळण, खाण्याची वेळ अशा एखाद्या गोष्टीला चिकटून येत असेल, तर आधी दुखणं शोधा: पाठ, दात, पोटातले व्रण, टापा, सांधे. पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वारीतल्या घोड्याच्या वेदनेची २४ लक्षणांची यादी तयार केली आहे. कान मागे जाणं, शेपटी सतत झटकणं, तोंड वासणं, वारंवार ठेचकाळणं अशी ती लक्षणं. त्यांतली आठ किंवा जास्त एकाच वेळी दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच मोठी धरतात. ती यादी घोडीची नाही, कुठल्याही घोड्याची आहे.

बीजकोशाचा खरा आजारही असतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. घोडी अचानक अंडील घोड्यासारखी वागू लागली, दुसऱ्या घोड्यांवर चढू लागली, मारकी झाली, किंवा माज येणं बंद झालं अथवा सतत राहिलं, तर बीजकोशावर ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ असू शकते. ती बहुधा एकाच बाजूला असते, आणि दुसरं बीजकोश आक्रसून जातं. रक्ततपासणी आणि सोनोग्राफीत ती कळते, आणि बीजकोश काढल्यावर वागणंही बहुतेक पूर्ववत होतं.

माज दाबून ठेवण्याचं औषध देता येतं का?

येतं. आल्ट्रेनोजेस्ट नावाचं संप्रेरक रोज तोंडावाटे देतात आणि काही दिवसांत माज दबतो. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यायचं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते देणाऱ्याच्या हातातून आत शोषलं जातं. हातमोजे न घालता बाटलीला हात लावू नका, आणि गरोदर बाईने तर त्याच्या जवळही जाऊ नये. स्पर्धेत उतरणार असाल तर नियम आधी वाचा.

या औषधाचा एक आडवळणाचा उपयोगही आहे. डॉक्टर कधी कधी ते चाचणी म्हणून ठरावीक काळ देतात. माज पूर्ण दबला आणि तरीही घोडी तश्शीच चिडत असेल, तर दोष माजाचा नव्हता हे लख्ख कळतं.

पूर्वी गर्भाशयात ३५ मिलिमीटरची काचेची गोटी ठेवायची पद्धत निघाली होती. ती सगळ्या घोड्यांवर चालायची नाही, आणि गोटी आतच फुटल्याची उदाहरणं समोर आल्यावर जाणत्यांनी ती सोडून दिली. कुणी अजून सुचवलं तर नम्रपणे नकार द्या. दोन्ही बीजकोशं काढून टाकण्याबद्दलही विचारतात. माजाचा कटकटीशी खरोखर संबंध असेल तर काही घोड्यांना फायदा होतो, पण काही घोड्या त्यानंतरही माजाची लक्षणं दाखवतात, कारण ती दाबून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन बीजकोशाबरोबरच गेलेलं असतं. 'काढलं की संपलं' इतकं ते सोपं नाही.

माझा गेल्डिंग असूनही अंडीलसारखा वागतो. कापताना काही राहिलं असेल का?

शक्यता आहे, पण लोकांना वाटते तितकी नाही. एक वृषण पोटातच अडकून राहिलेला घोडा असू शकतो. बाहेरून काहीच दिसत नाही, पण संप्रेरक वाहतच असतं. रक्ताच्या तपासणीत ते कळतं. आधीच्या मालकाकडे शस्त्रक्रियेचा कागद असेल तर तो मागून घ्या, आणि त्यात दोन्ही वृषण काढल्याची नोंद आहे का ते बघा.

'अंडाशेजारची नळी राहिली म्हणून माजलाय' हे मात्र चुकीचं. ती नळी शुक्राणू साठवते, टेस्टोस्टेरॉन बनवत नाही.

बहुतेक वेळा काही राहिलेलं नसतंच. अमेरिकेत १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की खच्ची केलेल्या घोड्यांपैकी २० ते ३० टक्के घोडे नंतरही अंडीलसारखं काही ना काही वागत होते. ते वयात येण्याआधी कापले की नंतर, याने फार फरक पडला नाही. म्हणजे घोडीसमोर मान वाकवून मिरवणं, इतर गेल्डिंगना हाकलून लावणं हे निव्वळ संप्रेरकाचं काम नाही. तो घोडाच आहे शेवटी.

साफसफाईत कोण सोपं?

दोन्हीकडे एक-एक नावडतं काम आहे.

गेल्डिंगच्या लिंगाच्या आवरणात मळ साठतो, काळपट आणि तेलकट, आणि त्याचा वास एकदा आला की विसरत नाही. मूत्रमार्गाच्या तोंडाशी एक छोटा खड्डा असतो. त्यात हा मळ घट्ट होऊन चवळीच्या दाण्याएवढा, कधी त्याहून मोठा खडा बनतो. तो बोटाने हळुवार बाहेर काढावा लागतो. लघवीची धार तिरकी किंवा फाटलेली दिसली, किंवा तो लघवी करताना लिंग बाहेरच काढत नसेल, तर बघा. पण दर आठवड्याला साबण लावून घासू नका. तिथे उपयोगी जिवाणूही राहतात, आणि अती धुतलं की मळ जास्तच होतो. वर्षातून एक-दोनदा कोमट पाण्याने पुरतं, काहींना तेही लागत नाही. या निमित्ताने हात फिरतो हा खरा फायदा. म्हाताऱ्या गेल्डिंगच्या लिंगावर न भरणारी जखम किंवा फुलकोबीसारखी वाढ दिसली, तर ती कर्करोगाची असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

घोडीचं काम लहान आहे, पण विसरलं जातं. दोन सडांच्या मधल्या खाचेत असाच मळ जमतो. तो खाजतो आणि ती शेपटीचं मूळ भिंतीला घासत बसते. लोक जंताचं औषध देतात आणि खाच कुणी बघत नाही. ओल्या कापडाने पुसून घ्या, पण पहिल्यांदा करताना मागच्या पायाच्या बाजूला, अंगाला चिकटून उभे राहा.

मूतखड्यांत गेल्डिंगचं नशीब खोटं. नराचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद, मादीचा आखूड आणि रुंद, त्यामुळे अडकलेल्या खड्यांचा त्रास नरांनाच जास्त होतो. काम केल्यानंतर लघवीत रक्त दिसलं तर थांबू नका.

आणि ठाणातली गोष्ट: गेल्डिंग ठाणाच्या मधोमध भिजवतो, घोडी कडेला. कोण सोपं ते ठाण झाडणाऱ्यालाच विचारा.

लगाम किंवा दातांत काही फरक?

थोडा. नरांना चार-पाच वर्षांच्या सुमारास सुळे येतात. माद्यांपैकी थोड्यांनाच येतात आणि ते बारीक असतात. लगाम तोंडात बसवताना नराच्या सुळ्यांना धातू लागणार नाही हे बघायचं. दातांची तपासणी मात्र दोघांनाही सारखीच.

दोन्ही एकाच कुरणात सोडले तर?

चालतं, पण नीट निवडून. नवी घोडी आली की एखादा गेल्डिंग तिचा स्वयंघोषित रक्षक बनतो आणि इतरांना तिच्या जवळ फिरकू देत नाही. पाणवठ्यावर, चाऱ्यावर मारामाऱ्या होतात. काही जण म्हणून माद्या आणि नर वेगळेच ठेवतात. जागा भरपूर असेल आणि चाऱ्याचे ढीग जनावरांपेक्षा एक-दोन जास्त असतील, तर मिश्र कळपही छान नांदतो.

नुसत्या गेल्डिंगच्या कळपात दंगामस्ती जास्त: मागचे पाय उचलून कुस्ती, एकमेकांच्या पुढच्या पायांना चावे, झुली फाटणं. नुसत्या घोड्यांच्या कळपात खेळ कमी आणि शिस्त कडक. कान मागे गेला की समोरची निमूट बाजूला होते.

खेळात कोण सरस?

खेळावर आहे. पोलोमध्ये बहुतेक जनावरं माद्याच असतात. अर्जेंटिनाचा खेळाडू अडोल्फो काम्बियासो याने २०१६ मध्ये पालेर्मोच्या स्पर्धेत आपल्या क्वार्तेतेरा या एकाच घोडीच्या सहा क्लोनांवर बसून सामना जिंकला. भरवसा नाही म्हणणाऱ्यांनी एवढा भरवसा बघावा.

शर्यतीत ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हिअर ही घोडी २५ पैकी २५ शर्यती जिंकून निवृत्त झाली, आणि तिच्याच देशाच्या विंक्सने लागोपाठ ३३ जिंकल्या. दुसऱ्या पारड्यात गेल्डिंग टाकायचे तर अमेरिकेचा केल्सो १९६० ते १९६४ अशी सलग पाच वर्षं तिथला सर्वोत्तम घोडा ठरला, आणि रेड रमने ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली अडथळ्यांची शर्यत तीनदा मारली, १९७३, १९७४ आणि १९७७ मध्ये. ड्रेसाजमधला, म्हणजे शिस्तबद्ध चाली दाखवण्याच्या खेळातला, व्हॅलेग्रोही गेल्डिंगच.

पण मला स्वतःला आठवते ती हाला नावाची घोडी. १९५६ च्या ऑलिम्पिकच्या अश्वस्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. जर्मन स्वार हान्स गुंटर विंकलरला पहिल्या फेरीत जांघेत जबर दुखापत झाली. दुसऱ्या फेरीत त्याला पायाने घोडीला इशाराच देता येईना, तो नुसता मांड टिकवून बसला होता. हालाने एकही अडथळा न पाडता फेरी पूर्ण केली आणि सुवर्णपदक आणलं. ही तीच घोडी, जिला त्याआधी लोक अवघड म्हणत.

मी नवशिका आहे. मुलांसाठीही घ्यायचा विचार आहे. मग तर गेल्डिंगच ना?

नवशिक्याला मी अजूनही आधी गेल्डिंग बघायला सांगतो. तो मूळचा साधुपुरुष असतो म्हणून नव्हे, तर शांत, वयस्क, पुष्कळ हातांतून गेलेली जी जनावरं मिळतात त्यांत गेल्डिंग जास्त असतात म्हणून. बऱ्या घोड्या लोक पैदाशीसाठी ठेवून घेतात.

पण चौदा वर्षांची, मुलांना पाठीवर घेऊन हजार चकरा मारलेली घोडी समोर आली, तर केवळ घोडी म्हणून तिला सोडून पाच वर्षांचा अर्धा कच्चा गेल्डिंग घेऊ नका. वय आणि शिक्षण यांच्यापुढे लिंगाची गोष्ट फार मागे पडते.

घोडी घेतली तर पुढे शिंगरू घेता येईल. म्हणजे पैसे वसूल?

हे वाक्य ऐकलं की मी कपाळाला हात लावतो. गाभण घोडी साधारण अकरा महिने शिंगरू पोटात वाढवते, त्यानंतर काही महिने पाजते, आणि त्या सगळ्या काळात तुमची स्वारी बंद किंवा अर्धी. विण्यात घोडी दगावू शकते. शिंगरू तीन-चार वर्षं फक्त खातं. खच्ची करणं, शिकवणं, डॉक्टर हे सगळं धरलं तर तयार घोडा विकत घेणं बहुधा स्वस्त पडतं.

'पायाने अधू झाली तर निदान वीण तरी घेऊ' हे तर त्याहून वाईट. ती अधू का झाली हे आधी विचारा. पायांची ठेवण, टापांचा कच्चेपणा हे पुढच्या पिढीत उतरू शकतं. आणि उत्तम घोडीचंही शिंगरू उत्तम निघतंच असं नाही. हालाला निवृत्तीनंतर शिंगरं झाली, पण तिच्या तोडीचं एकही निघालं नाही.

घोडी खरोखर चांगली असेल, तिच्या घराण्याची माहिती असेल आणि शिंगराला गिऱ्हाईक आधी ठरलेलं असेल, तर गोष्ट वेगळी.

'गेल्डिंगला सांगावं, घोडीला विचारावं' असं म्हणतात. खरं आहे?

म्हण छान आहे, पण गेल्डिंगवर अन्याय करणारी. तो सांगितलेलं ऐकतो म्हणून लोक त्याला विचारायचंच सोडतात. माझा गेल्डिंग डावीकडे वळत दुडकी चालायला हळूहळू नाखूष होत गेला. कधी दात दाखवला नाही, लाथ झाडली नाही. 'वय झालं' म्हणून मी पुढे रेटत राहिलो. मागच्या डाव्या गुडघ्यात सांधेदुखी होती, आणि ती कळली तेव्हा बराच काळ लोटला होता. कुमैत घोडीने तीन महिन्यांत जे ओरडून सांगितलं, ते त्याने वर्षभर गिळलं. सोपा म्हणून घेतलेल्या जनावरात हा धोका असतो.

बघायला जाताना विक्रेत्याला काय विचारावं?

घोडी असेल तर ती सध्या माज दाबायच्या औषधावर आहे का, हे सरळ विचारा आणि उत्तर लिहून घ्या. गाभण आहे का हेही डॉक्टरांकडून तपासून घ्या. काही घोड्या गाभणपणी गोगलगाय असतात. शक्य झालं तर दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा जा, म्हणजे चक्राच्या दोन टप्प्यांवर ती दिसेल.

गेल्डिंग असेल तर कधी कापला, कुठल्या वयात, कागद आहे का, आणि आधी माद्यांवर सोडला होता का हे विचारा. त्याला घोडीजवळून चालवून बघा.

दोघांच्याही बाबतीत न कळवता अर्धा तास लवकर पोचा. खोगीर चढवून, घाम गाळून, दमवून ठेवलेलं जनावर बघायचं नाही. ठाणातून तुमच्यासमोर बाहेर काढायला लावा, मोहरकी (तोंडावरचा दोरीचा साज) चढवताना, खरारा करताना, तंग आवळताना कान बघा. तुमचा स्वतःचा डॉक्टर आणा आणि तपासणीच्या वेळी रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा. नंतर शांत करणाऱ्या औषधाची शंका आली तर तोच कामी येतो.

आजवर गेल्डिंगच ठेवले. आता घोडी घरी आली आहे. पहिल्या महिन्यात काय करू?

स्वारीची घाई नको. पहिले काही दिवस तिला कुरणात पकडण्यापुरतंच काम ठेवा: जा, मानेवर हात फिरवा, मोहरकी चढवा, काढा, परत या. पकडलं की दर वेळी कामालाच जुंपतात असं तिला वाटलं, तर ती बाजूला सरकायला लवकर शिकते. शेजारी शांत जनावर बांधा. पहिल्या स्वारीआधी पाठीवर दोन्ही हात सपाट फिरवा, खोगीर तिच्या पाठीवर ठेवून बसतं का ते बघा, आधीच्या घोड्याचं आहे म्हणून तेच वापरू नका. आणि ठाणाच्या दारामागे एक कॅलेंडर नि दोरीला बांधलेली पेन्सिल टांगा.